पाहुणा गल्लीपर्यंत येतो, दुकानापर्यंत का पोचत नाही?

औरंगाबादला येणारा बहुतेक पर्यटक अजिंठा आणि वेरूळसाठी येतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात यांपैकी एखादा वार आला की वेळापत्रक विस्कटते आणि अर्धा-एक दिवस शहरासाठी मोकळा राहतो. त्या वेळात पाहुणा बीबी का मकबरा पाहतो, पाणचक्की पाहतो आणि मग रिक्षावाला किंवा गाईड ज्या दुकानात नेईल त्या दुकानात जातो. तेथे कमिशन ठरलेले असते आणि ते मालाच्या किमतीत चढलेले असते. ज्याच्या घरात खरोखर हिमरूचा माग चालतो किंवा जो बिदरीच्या तबकावर चांदीची तार ठोकत बसलेला असतो, त्याचे दार या रस्त्यावर येत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र दुसऱ्या प्रकारचा पर्यटक दिसू लागला आहे. त्याच्या कानात इअरफोन असतो, हातात मोबाईल असतो आणि सोबत गाईड नसतो. त्याने मोबाईलवर एक 'टूर' उतरवून घेतलेली असते. तो ठराविक जागी पोचला की मोबाईल आपोआप त्या जागेची माहिती बोलू लागतो आणि पुढे कोठे जायचे ते सांगतो. हा पर्यटक कोणाच्या कमिशनवर चालत नाही, म्हणून आपल्या कारागिरांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. अडचण एकच. तो वाट चुकतो आणि एकदा चुकला की लाजून कोणाला विचारत नाही, सरळ हॉटेलवर परततो. म्हणून अशी टूर तयार करताना इतिहासाची माहिती किती भरली यापेक्षा वाट कशी सांगितली याला जास्त महत्त्व आहे. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. उदाहरण औरंगाबादचे घेतले आहे. मालेगाव, भिवंडी किंवा कोल्हापूरच्या व्यापारी बंधूंनी आपापल्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणाव्यात.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली पाहुण्यांच्या कानाला रेडिओवरून माहिती ऐकवली जात असे. सर्वांना एकाच वेळी एकच वाक्य ऐकू येई, त्यामुळे सगळा घोळका एकदम एका चित्रावरून दुसऱ्या चित्राकडे सरके. त्यानंतर कॅसेटचा जमाना आला आणि प्रत्येकाला आपल्या चालीने फिरता येऊ लागले. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. आपण कोठे उभे आहोत हे साध्या यंत्रालाही बऱ्यापैकी अचूक कळू लागले आणि ही सोय इमारतीच्या बाहेर, रस्त्यावर आली.

मोबाईलला काय कळते आणि काय कळत नाही

मोकळ्या आकाशाखाली आजचा मोबाईल आपली जागा साधारण ५ मीटरच्या फरकाने सांगतो. मकबऱ्याच्या बागेत हे पुरेसे आहे. पण जुन्या शहरातल्या गल्लीत दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली घरे असतात. उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि मोबाईल आपल्याला शेजारच्या गल्लीत उभे असल्याचे दाखवतो. पडद्यावरचा निळा ठिपका छपरांवरून उड्या मारताना आपण सर्वांनी पाहिला आहे, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून त्रासदायक आहे. माणूस एका जागी उभा असेल तर त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे उपग्रहावरून कळत नाही. त्यासाठी मोबाईलमध्ये होकायंत्र असते आणि लोखंडी शटर, विजेचा खांब, उभी मोटारसायकल यांच्याजवळ ते बहकते. म्हणजे बाजारात ज्या क्षणी पाहुण्याला 'आता कोणीकडे?' हा प्रश्न पडतो, नेमक्या त्याच क्षणी यंत्र सर्वांत कमी भरवशाचे असते. तो दहा पावले चालतो, ठिपका उलटीकडे सरकतो, मग तो परत फिरतो. असे दोनदा झाले की त्याचा टूरवरचा विश्वास उडतो.

यावरून टूर बांधणाऱ्याने दोन गोष्टी ठरवाव्यात. माहिती आपोआप सुरू होण्यासाठी नकाशावर एक वर्तुळ आखतात. ते चिंचोळ्या गल्लीत न आखता चौकात किंवा मोकळ्या जागी आखावे आणि दोन जवळच्या गल्ल्यांची वर्तुळे एकमेकांत घुसू देऊ नयेत. नाहीतर पाहुणा मस्जिदीसमोर उभा असतो आणि कानात मिठाईच्या दुकानाची गोष्ट चालू होते. आणि प्रत्येक ठिकाणाला क्रमांक देऊन हाताने सुरू करण्याचे बटणही ठेवावे. आपोआप चालणारी वस्तू बंद पडली की माणूस हतबल होतो, हे आपण विजेच्या बाबतीत रोज पाहतो.

परदेशी पाहुण्याकडे आपल्याकडचे सिमकार्ड असेलच असे नाही. म्हणून सगळी टूर हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून घेता यावी आणि नंतर इंटरनेटशिवाय चालावी. एप्रिल-मेच्या उन्हात पडदा दिसत नाही, तेव्हा नकाशावर सगळा भार टाकून चालत नाही. वाट कानाला कळली पाहिजे.

दिशा सांगण्याची भाषा

आपल्याकडे वाट विचारली तर कोणी अंतर सांगत नाही. 'लिंबाच्या झाडापासून उजवीकडे, मग पिठाची गिरणी लागेल, तिच्या समोर' असे सांगतात. शिकलेल्या मंडळींना ही पद्धत गावंढळ वाटते, पण शास्त्र तिच्याच बाजूचे आहे. केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतील रहिवाशांना आपापले शहर वर्णन करायला सांगितले आणि त्यावर १९६० साली पुस्तक लिहिले. लोकांच्या मनातले शहर रस्ते, कडा, मोहल्ले, चौक आणि ठळक खुणा या पाच गोष्टींचे बनलेले असते, असे त्याला आढळले. पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी पायी चालणाऱ्यांना कोणती माहिती लागते हे तपासले, तेव्हा खुणांचा उपयोग सर्वांत जास्त आणि अंतर व रस्त्यांच्या नावांचा उपयोग फारच थोडा, असे दिसून आले.

आता एक काल्पनिक नमुना पाहू. 'येथून उत्तरेकडे १५० मीटर जा आणि डावीकडच्या दुसऱ्या गल्लीत वळा.' हे वाक्य लिहिणाऱ्याला अगदी स्पष्ट वाटते. पण पाहुण्याला उत्तर दिशा कळत नाही, १५० मीटरचा अंदाज नसतो आणि दोन दुकानांमधली बोळ ही गल्ली धरायची की नाही हा वाद तर तेथील रहिवाशांतही होईल. हेच असे सांगावे: 'दरवाजाच्या कमानीतून बाहेर या आणि कमानीकडे पाठ करून उभे राहा. समोर रस्त्यापलीकडे हिरव्या मिनाराची मस्जिद दिसते. तिच्या दिशेने चाला. वाटेत डाव्या हाताला पितळेच्या भांड्यांची दुकाने लागतील. ती संपली की दगडी पाणपोई आहे. तेथे सावलीत थांबा. पूल लागला तर आपण पुढे आलात, मागे फिरा.'

यात काय काय झाले ते नीट पाहावे. प्रथम पाहुण्याला एका पक्क्या वस्तूकडे पाठ करून उभे केले, त्यामुळे होकायंत्राची गरज उरली नाही. मग कोणाच्या दिशेने जायचे ते सांगितले. वाटेत काय दिसेल ते सांगितले. ते दिसले की त्याला आपण बरोबर चाललो आहोत अशी खात्री पटते. थांबायचे कोठे ते सांगितले. आणि चुकल्याची खूण सांगितली. ही शेवटची गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात, आणि माझ्या मते तिच्यावरच सर्वांत जास्त पाहुणे वाचतात. चुकलेल्या माणसाला आपण चुकलो हे लवकर कळले पाहिजे, नाहीतर तो अर्धा किलोमीटर चालत जातो.

खात्री देणाऱ्या खुणेचे महत्त्व मोगलांच्या काळातील लोकांना ठाऊक होते. आग्रा, दिल्ली, लाहोरच्या हमरस्त्यांवर कोसाकोसावर मिनार उभारले गेले. सरळ जाणाऱ्या रस्त्यावर दिशा दाखवायची गरज नसते. पण 'आपण अजून रस्त्यावरच आहोत' हे वाटसरूला मधूनमधून कळावे लागते. बोस्टन शहराने हेच काम एका रेघेने केले. तेथील एका पत्रकाराने १९५१ मध्ये कल्पना मांडली आणि १९५८ मध्ये फुटपाथवर लाल रेघ ओढली गेली. सुमारे ४ किलोमीटरची ही रेघ १६ ऐतिहासिक स्थळे जोडते. कोठे ती रंगाची आहे, कोठे लाल विटांची. हातात आधुनिक मोबाईल असलेला पर्यटकही आज तिच्यावरून चालतो. आपल्याकडे फुटपाथ मिळणे मुश्कील, रेघ कोठे ओढणार हा प्रश्नच आहे. पण मोहल्ल्यातील दुकानदारांनी संमती दिली तर शटरच्या बाजूला एकसारखी छोटी फरशी किंवा टिकली बसवता येईल.

कोणती खूण निवडावी यातही शहाणपण लागते. औरंगाबाद हे ५२ दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. त्यांतले मोजकेच आज उभे आहेत, पण जे आहेत ते शतकानुशतके जागचे हललेले नाहीत. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधला. त्याच्याइतकी पक्की खूण दुसरी कोणती? याउलट रसवंतीचे दुकान उन्हाळा संपला की बंद होते, सिनेमाचे पोस्टर शुक्रवारी बदलते आणि झाड रस्ता रुंदीकरणात जाते. दरवाजा, मस्जिदीचा मिनार, पूल, नदी, घड्याळाचा मनोरा यांना पहिली पसंती द्यावी. मात्र दरवाजेही परक्या माणसाला एकसारखे दिसतात. 'मोठ्या दरवाजाशी या' म्हणून भागत नाही. हा कोणता आणि दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा, ते एका वाक्यात सांगावे.

वेळेचे गणित साधे आहे. माणूस मिनिटाला साधारण ७०-८० मीटर चालतो, गर्दीच्या बाजारात त्याच्या निम्मे. दोन थांब्यांमध्ये १०० मीटर अंतर असेल आणि आपण पाच मिनिटांची गोष्ट सांगत बसलो, तर पाहुणा वळण ओलांडून निघून जातो आणि गोष्ट मागे राहते. गोष्ट उभे राहून ऐकण्याची, वाट चालताना ऐकण्याची. वाटेची सूचना शेवटी द्यावी, दोनदा द्यावी आणि जमल्यास वेगळ्या आवाजात द्यावी. म्हणजे कान टवकारतात. रस्ता ओलांडताना तर निवेदकाने चक्क गप्प बसावे. दोन्ही कानांत इअरफोन घातलेल्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही, एक कान मोकळा ठेवा असे सुरुवातीलाच बजावावे.

आपल्या दाराचा पत्ता आपणच तपासावा

टूर कोणीही बनवो, दुकानदाराचे स्वतःचे एक काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही. गुगलच्या नकाशावर आपले दुकान नेमके कोठे टोचले आहे ते पाहावे. पुष्कळदा खूण इमारतीच्या मध्यभागी पडते आणि नकाशा पाहुण्याला मागच्या गल्लीत नेऊन सोडतो. ती खूण सरकवून दारासमोर आणावी. दुकानाच्या दर्शनी भागाचा, रस्त्यावरून दिसतो तसा फोटो टाकावा. गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या फोटोवरून कोणाला दुकान सापडत नाही. शुक्रवारी जुम्याच्या वेळी दुकान बंद असेल, रमजानमध्ये वेळ बदलत असेल, तर ते नोंदवावे. बंद शटरसमोर आलेला पाहुणा पुन्हा येत नाही. ही नोंद करण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. 'तुमची नोंद रद्द होईल, एवढी रक्कम भरा' असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा.

नावाचा गोंधळही येथेच मिटवावा. २०२३ पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. परदेशी प्रवासाच्या पुस्तकांत आणि पाहुण्यांच्या तोंडी औरंगाबाद आहे. यावर मते काहीही असोत, शोधणारा दोन्ही नावांनी शोधतो, म्हणून वर्णनात दोन्ही नावे असावीत. गल्लीच्या नावाचेही तसेच. सरकारी कागदावरचे एक, लोकांच्या तोंडचे दुसरे. दोन्ही लिहावीत. ज्यांच्या घराला धड पत्ताच नाही अशा कारागिरांसाठी नकाशावरचा 'प्लस कोड' मोफत मिळतो. टपाल खात्यानेही २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही दहा अक्षर-अंकांची पद्धत आणली आहे. तिच्यात देशाची प्रत्येक सुमारे ४ मीटर लांब-रुंद चौकट वेगळी ओळखता येते. व्हिजिटिंग कार्डावर तो कोड छापावा.

पाटीवर क्यूआर लावून त्या जागेची माहिती ऐकवता येते. हा चौकोनी ठिपक्यांचा संकेत जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. त्याच्या सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. बाहेर उन्हापावसात लावायचा असेल तर तोच प्रकार मागावा. एक मीटरवरून वाचायचा असेल तर तो १० सेंटीमीटर रुंद असावा, हा छपाईवाल्यांचा ठोकताळा बरा आहे. यात दोन धोके आहेत. काही कंपन्या क्यूआर फुकट बनवून देतात, पण तो त्यांच्याच पत्त्यावरून फिरून जातो. वर्गणी थकली की शंभर पाट्या एका रात्रीत मुक्या होतात. संकेतामागचा पत्ता आपल्या संस्थेच्या मालकीचा असावा. दुसरे, दुकानात पैसे घेण्याचा क्यूआरही असतो. दोन्ही शेजारी लावू नयेत, टूरच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'येथे पैसे भरू नका' असे लिहावे आणि कोणी वर दुसरे स्टिकर चिकटवले नाही ना, हे दुकान उघडताना बोट फिरवून पाहावे.

मोहल्ल्याची संमती

नकाशावर रेघ ओढणे सोपे असते, पण ती रेघ कोणाच्या तरी दारासमोरून जाते. आपल्याकडे बरेचसे काम घरातच चालते. पुढच्या खोलीत माग, मागे कुटुंब. कॅमेरा घेतलेली अनोळखी माणसे दिवसातून वीस वेळा दारात डोकावू लागली तर घरातल्या स्त्रियांची कुचंबणा होते, आणि मग मोहल्ला सगळ्या योजनेलाच विरोध करतो. तो विरोध चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून प्रथम गल्लीतल्या वडीलधाऱ्या मंडळींबरोबर आणि घरातल्या बायकांबरोबर बसून ठरवावे: कोणत्या घरांत जाता येईल, कोणत्या वेळात, फोटो कोठपर्यंत. जे घर नको म्हणेल ते टूरमध्ये नसावे. आणि ही गोष्ट पाहुण्याला गल्लीच्या तोंडाशी सांगावी, दारात पोचल्यावर नव्हे. वाट दाखवण्यात 'येथून पुढे जाऊ नका' हेही येतेच.

मस्जिद व दर्गाहच्या बाबतीत तसेच. पाणचक्कीला बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गाह आहे. डोंगरातून भूमिगत नळांनी आणलेल्या पाण्यावर तेथील जाते फिरत असे, हे पाहायला लोक येतात आणि नकळत जियारतीच्या जागेत शिरतात. जोडे कोठे काढावेत, नमाजच्या वेळी कोठे थांबावे हे निवेदनात आधी यावे आणि आवाज दाराबाहेरच संपावा. जमातच्या वेळी खिशातला मोबाईल अचानक बोलू लागला, तर दोष पाहुण्याचा नसून वर्तुळ आखणाऱ्याचा असतो.

पोचल्यानंतर काय?

पाहुणा दारापर्यंत आला, तर त्याला काय पाहायचे ते माहीत असावे. हिमरूचा ताणा सुती आणि बाणा रेशमी असतो. कापड उलटे करून मागची बाजू कशी पाहावी, खड्डामागावर वरच्या जाळ्याने नक्षी कशी उठते, यंत्रमागावरचा माल कसा ओळखावा, हे दोन मिनिटांत सांगता येते. असे सांगितले की किंमत समजावत बसावी लागत नाही. पण त्याच दुकानात यंत्रमागाची शाल हातमागाची म्हणून विकली, तर पाहुण्याला आपणच शिकवलेल्या खुणेवरून ते कळेल आणि नाव सगळ्या गल्लीचे जाईल. ज्या दुकानांनी टूरच्या खर्चात वर्गणी दिली आहे त्यांची नावे निवेदनात स्पष्ट सांगावीत. लपवले तर आपण आणि कमिशनवाला यांत फरक राहत नाही.

खर्चाचा बाऊ करू नये. पहिल्या वर्षी मोठे ॲप बनवण्याच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुगलच्या 'माय मॅप्स'वर आठ-दहा ठिकाणांचा नकाशा, प्रत्येक ठिकाणाचे शांत खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड केलेले निवेदन आणि छापील चिठ्ठीवर एक क्यूआर एवढ्यावर सुरुवात होते. मराठी, हिंदी व इंग्रजी एवढ्या भाषा प्रथम पुरेत.

पैसा वाचवून तो तपासणीवर घालावा. शहर कधी न पाहिलेला माणूस शोधावा. परगावचा नातेवाईक, वसतिगृहातला नवा विद्यार्थी, कोणीही. त्याला मोबाईल द्यावा, तोंडाने एक शब्द सांगू नये आणि दहा पावले मागून चालावे. तो कोठे थबकतो, कोठे मोबाईल गोल फिरवतो, कोठे मागे वळून पाहतो ते वहीत लिहावे. मदत करण्याचा मोह होतो, तो आवरावा. चार-पाच जणांतच बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला आणि एकदा ईदच्या आधीच्या गर्दीत चालवून पाहावे. सकाळी दिसणारी पाटी संध्याकाळी हातगाड्यांच्या मागे जाते.

आणि दर पावसाळ्यानंतर कोणीतरी एकाने, नाव ठरवून दिलेल्याने, सगळी वाट पुन्हा चालावी. जलवाहिनीसाठी रस्ता खणलेला असतो, दुकानाचा रंग बदललेला असतो, 'निळी पाटी' आता पिवळी असते. बदल लगेच निवेदनात करावा आणि टूरच्या सुरुवातीलाच शेवटच्या तपासणीचा महिना व वर्ष सांगावे.